एकपात्री प्रयोग : पहिला गाजल्यानंतर पुढे काय?

गणेशोत्सव असो, कोजागिरी असो की मराठी भाषा गौरव दिन, आपल्या मंडळाच्या बैठकीत दरवर्षी एक प्रश्न हमखास निघतो : या वेळी कार्यक्रम काय ठेवायचा? पूर्ण नाटक बोलवायचे तर दहा-बारा माणसांचा प्रवास, मुक्काम, नेपथ्याचा ट्रक आणि मोठा रंगमंच लागतो. बालाघाटसारख्या गावातल्या मंडळाला हा खर्च झेपत नाही. मग कोणीतरी म्हणते, "एकपात्री ठेवू या." एक कलाकार, एक माइक, फार तर एक खुर्ची. हिशेब जमतो आणि लोकही हसून घरी जातात.

पण एकपात्री म्हणजे नेमके काय, मराठीत तो कोणी उभा केला, आणि एक प्रयोग तुफान चालल्यावर त्या कलाकाराने पुढे काय केले, याची माहिती आपल्या नव्या पिढीला फारशी नाही. त्यांना मोबाइलवरचे स्टँड-अप ठाऊक आहे. एखाद्या विनोदवीराचा एक कार्यक्रम गाजतो आणि वर्षा-दोन वर्षांनी तो नवा कार्यक्रम घेऊन गावोगाव दौरा करतो, हे त्यांना नेहमीचे झाले आहे. हेच मराठीत साठ वर्षांपूर्वीही घडले होते. सभासद आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी ही माहिती एका जागी असावी म्हणून हा लेख तयार केला आहे.

एकपात्री म्हणजे काय

एकच कलाकार रंगमंचावर येऊन संपूर्ण कार्यक्रम एकट्याने सादर करतो, तो एकपात्री प्रयोग. यात साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, एकच कलाकार अनेक पात्रे उभी करतो. आवाज, चाल, खांद्याचा झोक, उपरण्याची घडी बदलली की माणूस बदलतो. दुसरा, कलाकार एकाच पात्राच्या रूपाने स्वतःची कहाणी सांगतो. तिसरा, कलाकार स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच कपड्यांत प्रेक्षकांशी गप्पा मारतो. आजचे स्टँड-अप बहुतांशी या तिसऱ्या प्रकारात मोडते.

नाव नवे असले तरी ही कला आपल्याकडे जुनीच आहे. कीर्तनकार एकटाच उभा राहून राजा होतो, राणी होते, भिकारी होतो आणि मध्येच श्रोत्यांना कोपरखळी मारतो. बहुरूपी दारोदार वेगवेगळी सोंगे घेऊन येत असे. भारुडात माणसे रूपके घेऊन बोलतात. आपल्या शेजारच्या झाडीपट्टीत दंडार आहे, धान निघाल्यावर रात्रभर चालणारी नाटके आहेत. तिथे मात्र मोठी मंडळी लागते. एकट्याने दोन-तीन तास प्रेक्षक धरून ठेवायचे, ही विद्या कीर्तनकाराच्या घरची.

बाहेरच्या जगातही याला मोठी परंपरा आहे. इंग्रजीतला थोर कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८५८ पासून स्वतःच्या पुस्तकांचे तिकीट लावून जाहीर वाचन करू लागला. पात्रांचे आवाज काढत तो वाचत असे. १८६७-६८ मध्ये त्याने अमेरिकेचा वाचन-दौराही केला. लेखकाने स्वतःचेच पुस्तक घेऊन मंचावर यायचे आणि गावोगाव फिरायचे, हा प्रकार म्हणजे आपल्या पु. लं.च्या आधीचा शंभर वर्षांचा नमुना.

पहिले यश : बटाट्याची चाळ

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. एकपात्री करण्याआधीच त्यांच्या नावावर बरेच काही जमा होते. १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटात कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका हे सगळे त्यांचेच होते. १९५७ चे 'तुझे आहे तुजपाशी' हे नाटक महाराष्ट्रभर गाजले होते. आकाशवाणीत त्यांनी नोकरी केली आणि दिल्लीत दूरदर्शन सुरू झाले तेव्हाच्या पहिल्या मंडळींत ते होते.

'बटाट्याची चाळ' हे पुस्तक १९५८ साली आले. मुंबईतली एक जुनी चाळ आणि तिथली बिऱ्हाडे हा त्याचा विषय. १९६१ पासून पु. ल. हीच चाळ एकट्याने रंगमंचावर उभी करू लागले. एकटा माणूस, आणि डोळ्यांसमोर त्रिलोकेकर, अण्णा पावशे, राघूनाना, कोचरेकर मास्तर अशी सगळी चाळ. वजन कमी करण्यासाठी उपास करायला निघालेले पंत आणि त्यांना सल्ले देणारे शेजारी, चाळकऱ्यांचे भ्रमणमंडळ, राघूनानांची कन्येस पत्रे, हे भाग आजही आपल्या वडीलधाऱ्यांना पाठ आहेत.

यातला 'गच्चीसह झालीच पाहिजे' हा भाग आपल्या भागातल्या लोकांनी जरा वेगळ्या कानाने ऐकावा असा आहे. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही त्या काळची घोषणा. पु. लं.नी ती चाळीच्या गच्चीला लावली. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, आणि आपला बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. म्हणजे मुंबईचे प्रेक्षक गच्चीच्या लढ्यावर हसत होते तेव्हा आपल्या घरांतली मोठी माणसे, आता सोयरे एका राज्यात आणि आपण दुसऱ्या राज्यात, हे नव्याने समजून घेत होती. त्यांना मुंबईची गच्ची मिळाली नाही आणि नागपूरची राजधानीही राहिली नाही. तरीही ते हसले असतील. कारण हक्कासाठी समिती नेमायची, समितीत भांडायचे आणि शेवटी चहा पिऊन उठायचे, हे चाळीइतकेच आपल्या गावातल्या बैठकींतही चालते. (आपल्या मंडळाच्या बैठकी याला अपवाद आहेत, असे आम्ही म्हणणार नाही.)

'चाळ' संपते ती 'एक चिंतन' या भागाने. दोन-अडीच तास हसवलेल्या प्रेक्षकांना पु. ल. शेवटी जुन्या होत चाललेल्या चाळीच्या आठवणीत गप्प करून सोडतात. एकपात्री म्हणजे नुसते विनोद एकामागे एक ओवणे नव्हे, हे मराठी प्रेक्षकांना यामुळे पहिल्यांदा कळले.

दुसरा खेळ : असा मी असामी

आता मुख्य मुद्दा. असा प्रयोग गाजल्यावर कलाकारापुढे तीन वाटा असतात. तोच प्रयोग करत राहायचे. त्याचाच दुसरा भाग काढायचा. किंवा अगदी वेगळे काही करायचे.

पु. लं.ना 'चाळ' चालवत राहणे सहज शक्य होते. गर्दी कमी झालेली नव्हती. चाळीतली आणखी दहा माणसे काढून 'चाळ भाग दोन' करणेही अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही. १९६२ मध्ये 'वाऱ्यावरची वरात' हा अनेक कलाकारांचा कार्यक्रम आणला. आणि पुढे एकट्याने उभे राहायचे ठरले तेव्हा 'असा मी असामी' आणले. हे पुस्तक १९६४ साली प्रसिद्ध झाले.

'असा मी असामी' चा नायक धोंडो भिकाजी जोशी. मूळचा कोकणातला, गिरगावात राहणारा, एका कंपनीतला कारकून. नाव घेण्यासारखे त्याने आयुष्यात काही केलेले नाही. तरी तो आत्मचरित्र सांगायला बसला आहे, आणि गंमत तिथेच सुरू होते. काळ बदलतो, कपडे बदलतात, घरातल्यांच्या आवडी बदलतात, नवी कला, नवे विचार, नवे गुरू घरात शिरतात. धोंडोपंत प्रत्येक बदलाला आधी घाबरतात आणि मग मुकाट्याने शरण जातात.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवून पाहिले की फरक लगेच ध्यानात येतो. 'चाळी'त माणसे बदलत जातात आणि जागा एकच राहते. 'असामी'त माणूस एकच राहतो आणि भोवतालचे जग बदलत जाते. 'चाळी'त कलाकाराला क्षणाक्षणाला उडी मारावी लागते. 'असामी'त त्याला एकाच माणसाच्या अंगात शेवटपर्यंत राहावे लागते. सर्वसाधारण समज असा की पहिल्यापेक्षा दुसरा कार्यक्रम मोठा हवा : जास्त पात्रे, जास्त गोंधळ, जास्त हशा. पु. लं.नी उलटे केले. अख्ख्या चाळीवरून ते एका कारकुनावर आले. दुसरा खेळ आकाराने लहान केला आणि आतून खोल नेला.

आम्हा नोकरदार माणसांना धोंडोपंत जवळचे वाटतात याचे कारण उघड आहे. खातेवहीत रकमा बरोबर जुळवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना स्वतःच्या आयुष्याचा ताळेबंद मांडणारा हा कारकून ओळखीचा वाटणारच.

पु. लं.ना पुढे १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार ('व्यक्ती आणि वल्ली' साठी), १९६६ मध्ये पद्मश्री आणि १९९० मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७४ च्या इचलकरंजी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. कार्यक्रमांतून आणि पुस्तकांतून आलेला पैसा त्यांनी आणि सुनीताबाईंनी पु. ल. देशपांडे फाउंडेशनतर्फे सामाजिक कामांना दिला. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या उभारणीला त्यांचा हातभार होता. १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

दुसरी वाट : एकच प्रयोग आयुष्यभर

प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी नेमकी उलटी वाट धरली. ते औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांचा 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग तुम्ही पाहिला नसेल तरी नाव नक्की ऐकले असेल.

आपल्या भागात नावावरून एक गैरसमज होतो, तो आधी दूर करतो. यातले वऱ्हाड म्हणजे लग्नाचे वऱ्हाड, विदर्भातला वऱ्हाड प्रांत नव्हे. आणि बोलीही मराठवाड्याची आहे, वऱ्हाडी नव्हे. मराठवाड्यातल्या खेड्यातल्या मंडळींचे वऱ्हाड विमानात बसून लंडनला लग्नाला निघते, एवढीच कथा. पण साधारण तीन तासांत लक्ष्मणराव ५२ पात्रे उभी करीत : म्हातारी, पोर, पुढारी, नवरदेव, विमानातली मंडळी. नेपथ्य जवळजवळ काहीच नाही. सगळे काम आवाजाने आणि अंगाने.

या प्रयोगाचे अडीच हजारांहून अधिक खेळ झाले. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतही ते हा प्रयोग घेऊन गेले. २००९ साली त्यांचे निधन झाले. पुढे अभिनेते संदीप पाठक यांनी 'वऱ्हाड' पुन्हा रंगमंचावर आणले. म्हणजे कलाकार गेला तरी प्रयोग उरला.

एकच प्रयोग वर्षानुवर्षे करण्यात आळस असतो असे कोणी समजू नये. तेच वाक्य दोन हजाराव्या वेळी ताजे म्हणायला मोठी शिस्त लागते. भजनी मंडळात दर एकादशीला तेच अभंग म्हणणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. प्रेक्षकही तेच ऐकायला येतात. पुढचे वाक्य माहीत असते, आणि ते येण्याआधीच लोक हसू लागतात.

तिसरी वाट : विषय बदलत जाणे

आजच्या स्टँड-अपला सर्वांत जवळचे मराठी उदाहरण शोधायचे तर शिरीष कणेकर यांचे नाव घ्यावे लागेल. ते पत्रकार. क्रिकेट आणि हिंदी सिनेमा या दोन विषयांवर त्यांची लेखणी मनसोक्त चाले. 'माझी फिल्लमबाजी' या कार्यक्रमात ते एकटे उभे राहून हिंदी चित्रपटांची, नट-नट्यांची आणि स्वतःच्या वेडाची टर उडवीत. हा कार्यक्रम चालल्यावर ते क्रिकेटकडे वळले आणि 'फटकेबाजी' आली. 'कणेकरी' हा त्यांचा आणखी एक कार्यक्रम. पात्रे नाहीत, सोंग नाही. माणूस तोच, बोलण्याची तऱ्हा तीच, फक्त विषय नवा. २५ जुलै २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

याच संदर्भात राम नगरकरांची आठवण ठेवायला हवी. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून ते पुढे आले आणि लोकनाट्यात गाजले. 'रामनगरी' हे आत्मचरित्र त्यांनी लिहिले आणि तेच एकट्याने रंगमंचावर सांगितले. न्हावी समाजातल्या घरातले बालपण, गरिबी, अपमान, हे सगळे त्यांनी हसत हसत मांडले. १९८२ साली त्यावर हिंदी चित्रपटही निघाला. कलाकाराजवळ दुसरे काही नसले तरी स्वतःचे आयुष्य असते आणि तेवढे भांडवल पुरते, हे नगरकरांनी दाखवले.

सदानंद जोशी यांचे 'मी अत्रे बोलतोय' हेही याच परंपरेतले गाजलेले नाव.

आजचे स्टँड-अप आणि नवा दौरा

आता मुलांच्या मोबाइलकडे येऊ. आजचा विनोदवीर कार्यक्रम कसा तयार करतो, हे थोडक्यात समजून घेणे उपयोगी आहे.

सुरुवात 'ओपन माइक' ने होते. एखाद्या कॅफेत किंवा छोट्या सभागृहात प्रत्येकाला चार-पाच मिनिटे मिळतात. विनोद चालला तर ठेवायचा, नाही तर घरी जाऊन दुरुस्त करायचा. अशी पाच मिनिटांची दहा होतात, दहाची वीस, आणि साधारण एक तास भरला की त्याला नाव देऊन तिकीट लावले जाते. मग शहरोशहरी दौरा. दौऱ्यातही विनोद रोज घासला जातो. शेवटी तो कार्यक्रम चित्रित होऊन ॲपवर येतो. तो घरोघर पाहिला गेला की कलाकाराला बहुधा तो सोडून द्यावा लागतो, कारण तिकीट काढून आलेल्या माणसाला फुकट पाहिलेले पुन्हा नको असते. म्हणून नवा तास लिहायचा आणि पुन्हा दौऱ्यावर निघायचे.

आपल्याच राज्यातले उदाहरण म्हणजे इंदूरचे झाकिर खान. २०१२ मध्ये दूरचित्रवाणीवरची विनोदाची स्पर्धा ते जिंकले. २०१७ चा 'हक से सिंगल' घराघरांत पोहोचला. त्यानंतर २०१८ मध्ये 'कक्षा ग्यारहवीं' आणि २०२२ मध्ये 'तथास्तु' आले. 'तथास्तु' मध्ये पोरगेपणाच्या गमतीजमतींवरून ते घराकडे, आजोबांकडे वळले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी हिंदीत कार्यक्रम केला. इंदुरी हिंदीत बोलणारा माणूस तिथपर्यंत पोहोचला तो इंग्रजी होऊन नव्हे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मराठीतही नवी मंडळी आहेत. 'भाडिपा' म्हणजे भारतीय डिजिटल पार्टी. सारंग साठ्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ती सुरू केली आणि मराठी स्टँड-अपला जागा करून दिली. दूरचित्रवाणीवर २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या' आणि २०१८ पासून 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या कार्यक्रमांनी मराठी विनोद घरोघर नेला. मात्र ते सगळे प्रहसनाच्या, म्हणजे अनेक कलाकारांच्या अंगाने जातात.

जुन्या आणि नव्यात मोठा फरक प्रेक्षकांचा आहे. पु. लं.चा प्रेक्षक ऐकलेलेच पुन्हा ऐकायला येई. आजचा प्रेक्षक न ऐकलेले ऐकायला येतो. पण जो कलाकार दुसऱ्या कार्यक्रमात टिकतो, तो दोन्ही काळांत एकच गोष्ट करताना दिसतो. पहिल्या कार्यक्रमात लोक कशाला हसले याची तो नक्कल करीत नाही. तो स्वतःच्या जगण्यात पुन्हा खाली उतरतो आणि तिथून नवे काढतो.

बालाघाटातून पाहताना

हे सगळे आम्ही का लिहितो आहोत, ते आता सांगतो.

आपल्या घरांत पु. लं.ची ध्वनिफीत लावली की साठीच्या पुढचे लोक वाक्य येण्याआधी हसतात. चाळिशीतले वाक्य आल्यावर हसतात. आणि नातवंडे आजोबांकडे बघून हसतात. एकदा एका घरी 'उपास' चालू असताना सहावीतल्या मुलीने विचारले, "आजोबा, चाळ म्हणजे काय?" आम्ही सांगू लागलो : लांब व्हरांडा, एकाला एक लागून खोल्या, सामाईक नळ. ती म्हणाली, "म्हणजे रेल्वे क्वार्टर?" उत्तर तसे चुकीचे नव्हते. पण जे समजावून सांगावे लागते त्यावर हसू येत नाही.

दोष मुलांचा नाही. ती हिंदीत शिकतात, हिंदीत भांडतात, झाकिर खानच्या विनोदांवर मनापासून हसतात. घरात मराठी, शेजारी पोवारी, बाजारात हिंदी, गावाकडे गोंडी, अशा चार भाषांच्या मधोमध ती वाढत आहेत. लिपी एकच देवनागरी असल्यामुळे मराठी वाचता येते, पण गिरगावची चाळ त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहत नाही. भाषेतला विनोद कळेनासा होणे ही भाषा जाण्याची पहिली खूण असते. व्याकरण पुष्कळ उशिरापर्यंत टिकते, हसणे आधी जाते.

म्हणून आम्हाला वाटते की पु. ल. ऐकवत राहावेच, पण आपली 'चाळ' आपण लिहायला हवी. सामग्री तर रोज समोर येते. शब्दच घ्या. गोंदियाहून नवी आलेली सून 'शिक्षा विभाग' ची पाटी वाचून विचारते की इथे शिक्षेचे वेगळे खाते आहे काय? 'यातायात' हा शब्द हिंदीत वाहतुकीचा, मराठीत दगदगीचा. बाजारच्या दिवशी चौकात उभे राहिले तर दोन्ही अर्थ बरोबर. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर गुरुजींनी 'और चेष्टा करें' असे लिहिले की मराठी आजी काय समजेल ते सांगायला नको. 'राग' मराठीत येतो, हिंदीत गायला जातो. 'संसार' हिंदीत सगळे जग, मराठीत दोन खोल्यांचे घर. यांपैकी प्रत्येक शब्दावर पाच मिनिटे सहज बोलता येईल, आणि हा विनोद पुण्या-मुंबईच्या कोणाला सुचणार नाही. तो सीमेवर राहणाऱ्यांचाच आहे.

शिवाय आपल्याकडे धोंडोपंतही आहेत. भरवेलीच्या मँगनीज खाणीत, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत, वनखात्यात, रेल्वेत, शाळांत, बँकांत आयुष्य काढलेली मराठी माणसे या जिल्ह्यात कमी नाहीत. सातपुड्यातल्या छोट्या रेल्वेचे डबे, वैनगंगेचा पूर, गोंदियाला जाऊन लग्नाचा बस्ता बांधणे, दोन राज्यांतल्या दोन तऱ्हेच्या सरकारी अर्जांनी झालेली फजिती : हे त्यांनी नाही सांगितले तर दुसरे कोणी सांगणार नाही.

मंडळासाठी व्यवहाराच्या गोष्टी

एकपात्री ठरवताना पुढील बाबी उपयोगी पडतील.

१. दौऱ्याशी तारीख जोडणे. कलाकार नागपूर किंवा गोंदियापर्यंत येणार असेल तर त्याला पुढे आणणे सोपे जाते. नागपूर ते गोंदिया रेल्वेने साधारण १३० किलोमीटर आणि गोंदिया ते बालाघाट सुमारे ४० किलोमीटर. गोंदिया हे मुंबई–हावडा मार्गावरचे जंक्शन असल्याने गाड्यांची सोय चांगली आहे. शेजारच्या मंडळांशी आधी बोलून सलग दोन-तीन खेळ ठरवले तर प्रवासखर्च वाटला जातो.

२. सभागृह आणि आवाज. एकपात्रीत सगळे आवाजावर असते. लग्नाचा मंडप आणि घुमणारे ध्वनिवर्धक असतील तर ५२ पात्रांतली दोनही कळणार नाहीत. लहान बंदिस्त सभागृह, एक चांगला माइक आणि कलाकाराच्या चेहऱ्यावर स्थिर प्रकाश, एवढे पुरे. पंख्यांचा आवाज आधी तपासावा.

३. भाषणे. एकपात्रीच्या आधी सत्कार, स्वागत आणि आभार मिळून १० मिनिटांत आटोपावेत. एक तास भाषणे ऐकून दमलेले प्रेक्षक हसत नाहीत. आम्हा पदाधिकाऱ्यांना उद्देशूनच हे लिहिले आहे.

४. परवानगी. आपल्याच सभासदाने पु. लं.चा किंवा दुसऱ्या कोणाचा प्रयोग करायचा असेल तर लेखनाचे हक्क लक्षात घ्यावेत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क राहतात. त्या हिशेबाने पु. लं.च्या लेखनावरचे हक्क २०६० अखेरपर्यंत आहेत. हौशी मंडळाने तिकीट न लावता, विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. तिकीट लावायचे असेल तर आधी हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी. चित्रीकरण करून ते इंटरनेटवर टाकणे हा वेगळा विषय आहे, त्याला ही सूट गृहीत धरू नये.

५. स्वतःची १० मिनिटे. बाहेरचा कलाकार आला नाही त्या वर्षी एका संध्याकाळी पाच सभासदांनी प्रत्येकी १० मिनिटे स्वतःचा अनुभव उभे राहून सांगावा. कागद हातात चालेल. नियम दोनच : गोष्ट स्वतःची असावी आणि भाषा घरात बोलतो तीच असावी. हिंदी, पोवारी शब्द आले तर येऊ द्यावेत. एक जागा १५ वर्षांखालच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी राखावी.

शेवटच्या सूचनेवर आमचा विशेष भर आहे. पु. लं.नी चाळ सोडून धोंडोपंतांकडे जाण्याचे धाडस केले म्हणून मराठीला दुसरा खेळ मिळाला. आपल्या वडिलांच्या पिढीने या गावात मराठी मंडळे उभी केली, गणपती बसवले, नाटके केली. तो पहिला खेळ होता आणि तो उत्तम झाला. त्याचीच ध्वनिफीत आपण किती वर्षे लावणार? पुढचा खेळ आता आपल्या घरातल्यांनी करायचा आहे. ज्यांना १० मिनिटे बोलायची इच्छा आहे त्यांनी पुढच्या मासिक बैठकीत नाव द्यावे. रेल्वे क्वार्टरची चाळ करणाऱ्या त्या मुलीचे नाव आम्ही यादीत पहिले लिहून ठेवले आहे.